नागपूरकरांचे ताट आणि आपले शेत : शहरी ग्राहकांची साथ कशी मागावी व कशी टिकवावी



थंडीच्या दिवसांत पहाटे कळमन्याच्या बाजारात भाजीची गाडी घेऊन जाणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. ज्या दिवशी आपली फुलकोबी निघते, त्याच दिवशी साऱ्या पंचक्रोशीची निघते. भाव कोसळतो आणि कधीकधी गाडीभाडेही अंगावर पडते. त्याच दिवशी सायंकाळी तीच कोबी गोकुळपेठेत किंवा प्रतापनगरात एखादी गृहिणी कितीतरी जास्त दराने विकत घेते. घेताना तिच्या मनात शंका असते, की ही नाल्याच्या पाण्यावरची तर नाही ना? हिच्यावर काल-परवा फवारा तर मारलेला नाही ना? पिकविणारा आणि खाणारा यांच्यात अंतर असते जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे. पण दोघांची कधी गाठ पडत नाही.

व्याख्यानांच्या निमित्ताने शहरात गेले की लोक विचारतात, ‘चांगली, स्वच्छ भाजी मिळावी म्हणून आम्ही काय करावे?’ खेड्यात शेतकरी विचारतात, ‘आम्ही विषमुक्त पिकवू, पण शहरातले लोक खरोखर घेतील का?’ विचार केला तर हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात शहरी रहिवासी शाश्वत शेतीला कोणता हातभार लावू शकतात, तो आपण त्यांच्याकडे कसा मागावा आणि त्या बदल्यात त्यांना काय द्यावे, याची माहिती देण्याचा प्रयत्न केला आहे.

नागपूरची गरज किती?

२०११ च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तरी शहराला दररोज सुमारे ७२० टन भाजी लागते. एवढे मोठे गिऱ्हाईक आपल्या दाराशी आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागात संत्रा आणि कापूस, पूर्वेला मौदा, रामटेक भागात धान, तर दक्षिणेला भिवापूरची मिरची अशी पिकांची विविधता आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात वायगावची हळद आहे. भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद या दोहोंना, त्याचप्रमाणे नागपुरी संत्र्याला, भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे भात, डाळ, तिखट, हळद, भाजी आणि फळ असे नागपूरकरांचे जवळजवळ संपूर्ण ताट शंभर किलोमीटरच्या आत पिकू शकते.

तथापि शहर आपल्याकडून अन्न घेते आणि आपल्याकडे सांडपाणी व कचरा पाठविते, हेही खरे आहे. शहराच्या मध्यातून वाहणारी नाग नदी सांडपाणी घेऊन पूर्वेकडे जाते, पुढे कन्हान नदीला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. त्यामुळे नागपूरचे सांडपाणी थेट गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते. जो नागपूरकर भाजी नाल्याच्या पाण्यावरची आहे का असे विचारतो, त्याच्याच न्हाणीघरातले पाणी त्या नाल्यात आहे. हे त्याला दोष देण्यासाठी सांगत नाही. शहर आणि खेडे यांचे नाते एका बाजूने टिकत नाही, एवढेच लक्षात यावे.

नुसत्या आपुलकीने शेत बदलत नाही

रासायनिक निविष्ठा कमी करून शेती करावयाची म्हटले की पहिली दोन-तीन वर्षे कसोटीची असतात. जमिनीतील सेंद्रिय कर्ब एका हंगामात वाढत नाही. मित्रकीटकांची संख्या हळूहळू वाढते. या काळात उत्पादन घटू शकते, निंदणाची मजुरी वाढते आणि मालाला मात्र बाजारात वेगळा भाव मिळत नाही. कारण कळमन्यात ढीग लावला की कोणाची कोबी कशी पिकली हे सांगता येत नाही. म्हणजे स्वच्छ अन्नाची इच्छा शहराची आणि त्याचा खर्च व जोखीम एकट्या शेतकऱ्याची, असा प्रकार होतो. एकट्याने सुरुवात केलेले अनेक शेतकरी दुसऱ्या वर्षी परत फिरतात, त्याचे प्रमुख कारण हेच आहे.

आणि जुन्या मार्गाचीही किंमत आपण मोजतोच. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. औषधाचा पहिला घोट ग्राहकाच्या नव्हे, फवारणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणून विषमुक्त भाजी ही शहरी लोकांची हौस आहे असे समजू नये. ती सर्वांत आधी आपली गरज आहे.

खरेदी करणाऱ्यावरही जबाबदारी असते, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम पाहणारे डॉ. जे. सी. कुमारप्पा यांनी हेच मांडले होते, की आपण जी वस्तू विकत घेतो ती कशी तयार झाली, तिच्या मागे कोणाचे शोषण झाले, याचा विचार करणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. आज शहरी रहिवाशांना हेच कर्तव्य प्रत्यक्ष कृतीत आणता येईल, अशी सोय आपण करून द्यावयाची आहे.

इतरत्र झालेले प्रयोग

जपानमध्ये १९७० च्या दशकात कीटकनाशकांच्या भीतीने शहरी गृहिणी आणि शेतकरी एकत्र आले आणि ‘तेइकेई’ नावाची पद्धत सुरू झाली. ठरावीक कुटुंबे ठरावीक शेतकऱ्याचा माल वर्षभर घेतात, प्रसंगी शेतात कामालाही जातात. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास अशीच पद्धत सुरू झाली. तेथे ग्राहक हंगामापूर्वीच पैसे भरून पिकातील वाटा घेतो. पीक चांगले आले तर वाटा मोठा, कमी आले तर लहान. आपल्याकडे मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ या उपक्रमाने शेतकरी व ग्राहक यांना एकत्र आणून भाजीच्या टोपल्या पोहोचविण्याचे काम केले. नागपुरातही २०१० च्या दशकापासून ‘बीजोत्सव’ भरू लागला आणि देशी बियाणे जपणारे शेतकरी व शहरी ग्राहक एका मांडवात भेटू लागले.

शासनाच्या स्तरावर २०१६ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी महाराष्ट्रात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त करण्यात आला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार अभियान सुरू झाले. शहरात स्वतः नेऊन भाजी विकण्याची वाट त्यामुळे अधिक मोकळी झाली. प्रश्न उरतो तो कायमचा ग्राहक मिळविण्याचा.

ग्राहकाकडे मागावयाच्या सहा गोष्टी

आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी नागपुरात राहते. मुलगा नोकरीला असतो, भाची सासरी असते, गावचे गुरुजी निवृत्त होऊन तेथे स्थायिक झालेले असतात. सुरुवात त्यांच्यापासून करावी आणि त्यांच्या वसाहतीतील २५ ते ४० कुटुंबांचा गट बांधावा. गटाच्या पहिल्या बैठकीत पुढील गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात. संकोच करू नये. हा लेख त्यांना वाचावयास दिला तरी चालेल.

१. हंगामाची आगाऊ रक्कम : संपूर्ण हंगामाच्या रकमेपैकी किमान एक तृतीयांश रक्कम पेरणीपूर्वी द्यावी. बियाणे, खत आणि मशागतीचा खर्च त्यातून निघतो व सावकाराकडे जावे लागत नाही. शहरी कुटुंब शाश्वत शेतीला जी मदत करू शकते, त्यात हिचे मोल सर्वांत जास्त आहे.

२. ठरलेला वार व ठिकाण : आठवड्यातून एकदा, एकाच वारी, एकाच ठिकाणी येऊन टोपली न्यावी. घरोघर पोहोचविण्यात शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो. गावाला जावयाचे असल्यास टोपली शेजाऱ्याला द्यावी. त्या आठवड्याचे पैसे कापू नयेत.

३. हंगामाप्रमाणे खाणे : मे महिन्यात फुलकोबी आणि भर पावसात पालक मागू नये. पावसाळ्यात अंबाडी, तरोटा, चवळी, दोडके, कारली. हिवाळ्यात मेथी, चाकवत, पोपटाच्या शेंगा, तुरीच्या शेंगा. उन्हाळ्यात चिवळ, माठ, काकडी. आजीच्या काळी घरोघरी हेच खाल्ले जाई. हंगामातल्या पिकाला कीड-रोग कमी लागतात व फवारण्या वाचतात.

४. रूपावर न जाणे : पालकाच्या पानाला एखादे भोक, वांग्यावर ओरखडा, संत्र्याच्या सालीवर डाग किंवा हिरवट छटा यामुळे चव बिघडत नाही. आंबिया बहाराचे संत्रे बाहेरून हिरवट असूनही आतून पिकलेले असू शकते. निव्वळ चकाकीसाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो, म्हणूनच शेवटच्या दोन फवारण्या होतात. लहान आकाराची संत्री रसासाठी घेतली, तर बागायतदाराचा मोठा तोटा वाचतो.

५. ओला कचरा वेगळा ठेवणे : २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला व सुका कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक केले. भाजीची देठे, साली, निवडलेला पाला वेगळा मिळाला तर त्याचे खत होते. त्यात प्लॅस्टिक, काच, औषधांच्या पट्ट्या आल्या, की तो भांडेवाडीच्या कचऱ्याच्या डोंगरात भर घालतो.

६. वर्षातून दोनदा शेताला भेट : एकदा पेरणीनंतर आणि एकदा ऐन काढणीत मुलाबाळांसह यावे. ज्याने एक वाफा निंदून पाहिला, तो मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांची घासाघीस करीत नाही.

आपण द्यावयाची हमी

ग्राहकाने आगाऊ पैसे दिले की आपली जबाबदारी वाढते. पुढील बाबी काटेकोरपणे पाळाव्यात.

पाण्याचा स्रोत उघड सांगावा. विहीर, कूपनलिका, कालवा जे असेल ते. नाल्याच्या पाण्यात जंतू, कृमींची अंडी आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळत असल्यास शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात. पालेभाज्या ते शोषून घेतात आणि धुतल्याने ते निघत नाहीत. ज्यांच्या वावराला नाल्याशिवाय पाणी नाही, त्यांनी या पाण्यावर पालेभाजी किंवा कच्ची खाल्ली जाणारी पिके घेऊ नयेत. झेंडू, शेवंती यांसारखी फुले किंवा बियाण्यासाठीची पिके घ्यावीत.

नोंदवही ठेवावी. प्रत्येक वाफ्यावर केव्हा, काय आणि किती फवारले हे त्याच दिवशी लिहावे व वही टोपल्यांच्या वाटपाच्या ठिकाणी सर्वांसमोर ठेवावी. नाइलाजाने रासायनिक औषध वापरावे लागल्यास लपवू नये. डब्यावरील चिठ्ठीत दिलेला फवारणी व काढणी यातील प्रतीक्षा काळ पाळावा आणि तो संपेपर्यंत त्या वाफ्यातील भाजी टोपलीत घालू नये.

‘सेंद्रिय’ हा शब्द जपून वापरावा. त्यासाठी पीजीएस-इंडिया ही सहभागी हमी पद्धत लहान शेतकऱ्यांना सोयीची आहे. एका किंवा शेजारच्या गावांतील किमान पाच शेतकऱ्यांनी गट करावयाचा, एकमेकांची शेते तपासावयाची आणि नोंदी ठेवावयाच्या. रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे प्रमाणपत्र मिळते. २०१७ च्या अन्न सुरक्षा नियमांत लहान उत्पादकाने थेट ग्राहकाला केलेल्या विक्रीस प्रमाणीकरणातून सवलत देण्यात आली. परंतु अशा मालावर ‘जैविक भारत’ चिन्ह छापता येत नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत ‘आम्ही रूपांतराच्या दुसऱ्या वर्षात आहोत’ असे सरळ सांगावे. खरे सांगणाऱ्यावर ग्राहकाचा विश्वास बसतो.

लागवडीचे नियोजन : एक चूक आणि तिचा धडा

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे उपयोगी होईल. काही वर्षांपूर्वी माझ्या मामांनी माझ्या सांगण्यावरून शहरातील पंचवीस कुटुंबांना टोपल्या देण्यास सुरुवात केली. मी त्यांना वाण, खत, अंतर सर्व लिहून दिले. पण रोपे एकाच दिवशी लावू नका, हे सांगावयाचे राहिले. डिसेंबरमध्ये दहा दिवसांच्या आत सारी फुलकोबी तयार झाली. दोन आठवडे प्रत्येक टोपलीत चार-चार गड्डे गेले आणि त्यापुढे तीन आठवडे एकही नाही. संक्रांतीपर्यंत निम्मी कुटुंबे गळाली. मामा मला एवढेच म्हणाले, ‘भाऊ, तू पीक शिकवलंस, टोपली नाही शिकवली.’ चूक त्यांची नव्हती, माझी होती. कृषिविद्येत आपण एकरी उत्पादनाचा विचार करतो. टोपलीसाठी आठवड्याच्या उत्पादनाचा विचार करावा लागतो.

चाळीस कुटुंबांना आठवड्याला पाच किलोप्रमाणे २०० किलो भाजी लागते. नोव्हेंबर ते मार्चचा मध्य असे वीस आठवडे धरल्यास एकूण ४,००० किलो. चांगल्या निचऱ्याच्या, ओलिताच्या एक एकरात म्हणजे ४० गुंठ्यांत मिश्र भाजीपाल्यापासून एवढे उत्पादन, नासधूस धरूनही, निघू शकते. पुढीलप्रमाणे विभागणी करावी.

• पालेभाज्या, ८ गुंठे : मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक ३० ते ३५ दिवसांत, सांबार (कोथिंबीर) ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. दर आठ-दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरावा. पालकाच्या पहिल्या कापणीनंतर साधारण १५ ते २० दिवसांनी पुढील कापणी मिळते.

• मुळा, बीट, गाजर, ५ गुंठे : मुळा ४० ते ५०, बीट ६० ते ७० आणि गाजर ८० ते ९० दिवसांत येते. दर पंधरा दिवसांनी पेरणी करावी.

• फुलकोबी, पानकोबी, ८ गुंठे : पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने चार वेळा पुनर्लागण करावी. लवकर, मध्यम व उशिरा येणाऱ्या गटांतील वाण त्या-त्या वेळीच लावावेत. लवकर येणारा वाण थंडीत उशिरा लावल्यास गड्डा बटणाएवढाच राहतो.

• वांगी, टोमॅटो, मिरची, १० गुंठे : ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये दोन टप्प्यांत पुनर्लागण करावी. ही पिके तोडे देत राहतात, त्यामुळे टोपलीचा पाया यांवरच असतो.

• वाल (पोपट), चवळी, वाटाणा, ६ गुंठे : टोपलीला विविधता येते आणि जमिनीला नत्र मिळते. पुढील वर्षी या जागी कोबी घ्यावी.

• रोपवाटिका, खताची टाकी, झेंडू व वाटा, ३ गुंठे.

धुऱ्यावर तुरीची एक ओळ घ्यावी. शेंगांचा बोनस मिळतो. प्रत्येक टोपलीत एक पालेभाजी, एक शेंग किंवा मूळ, दोन फळभाज्या आणि सांबार-मिरची असा मेळ असावा. पाच प्रकारांपेक्षा कमी दिल्यास ग्राहकाला दुसरीकडे जावे लागते आणि एकदा दुसरीकडे गेलेला ग्राहक हळूहळू तिकडचाच होतो.

कीड नियंत्रण

कमी खर्चाचे उपाय वेळेवर केल्यास बहुतेक किडी आटोक्यात राहतात. वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावावेत आणि सुकलेले शेंडे व किडकी वांगी दर आठवड्याला तोडून नष्ट करावीत. टोमॅटोच्या दर १४ ते १६ ओळींनंतर झेंडूची एक ओळ लावावी. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालणे पसंत करतो. पांढरी माशी व मावा यांसाठी पिवळे चिकट सापळे वापरावेत. शेताच्या कडेने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन ओळी घ्याव्यात.

पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा एक लिटर पाण्यात विरघळवून मिसळावा आणि एकूण द्रावण १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी, शक्यतो सायंकाळी फवारावा. उन्हात त्याचा परिणाम कमी होतो. निंबोळ्या मे-जूनमध्ये फुकट पडतात. त्या वेळीच गोळा करून सावलीत वाळवून ठेवाव्यात. पिकावर अळी आल्यावर निंबोळी शोधू नये.

शहराचा पाला, शेताचे खत

टोपल्या वाटून रिकामी गाडी परत येते. त्याच गाडीत चाळीस घरांचा वेगळा केलेला ओला पाला आणता येतो. शिजलेले अन्न, मांस-मासळी आणि प्लॅस्टिक घेऊ नये, हे सुरुवातीलाच बजावावे. नुसता ओला पाला कुजताना वास येतो, म्हणून त्यात काडीकचरा, वाळलेली पाने, सोयाबीनचे कुटार यांचे थर द्यावेत.

यासाठी आपल्याच विदर्भात, पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांनी विकसित केलेली नाडेप पद्धत उत्तम आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशी जाळीदार विटांची टाकी बांधावी. काडीकचरा व पाला सुमारे १,४०० ते १,५०० किलो, शेण ९० ते १०० किलो, चाळलेली माती सुमारे १,७५० किलो आणि गरजेप्रमाणे पाणी वापरून थर भरावेत आणि वरून शेणमातीने लिंपावे. साधारण साडेतीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. शेण कमी असलेल्या शेतकऱ्यास ही पद्धत विशेष सोयीची आहे.

महापालिकेचे किंवा खासगी शहरी कंपोस्ट विकत घ्यावयाचे असल्यास तपासणी अहवाल मागावा. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये शिसे किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा व कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. काचेचे तुकडे दिसत असतील तर असे खत भाजीच्या वावरात टाकू नये.

दर कसा ठरवावा?

टोपलीचा दर कळमन्याच्या रोजच्या भावाशी बांधू नये. भाव चढले की आपल्याला मोह होतो आणि पडले की ग्राहकाला. दर खर्चावरून काढावा व हंगामभर कायम ठेवावा. उदाहरणादाखल, समजा एका एकराचा बियाणे, खत, ओलीत, मजुरी, टोपल्या व वाहतूक मिळून हंगामाचा खर्च १,२०,००० रुपये आला. यात घरच्या माणसांची मजुरी धरलीच पाहिजे. ती न धरल्यामुळे अनेकांचा हिशेब फसवा नफा दाखवितो. चाळीस कुटुंबे व वीस आठवडे म्हणजे ८०० टोपल्या. प्रत्येकी खर्च १५० रुपये झाला. जोखीम व नफा म्हणून त्यात पाचवा हिस्सा मिळविल्यास दर १८० रुपये, म्हणजे किलोला ३६ रुपये पडतो. हंगामाचे ३,६०० रुपये. त्यापैकी १,२०० रुपये आगाऊ घेतल्यास चाळीस कुटुंबांकडून ४८,००० रुपये पेरणीपूर्वी हाती येतात. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत. रीत तीच ठेवावी. हा हिशेब ग्राहकांना कागदावर दाखवावा. आतापर्यंत भाजीचा असा हिशेब त्यांना कोणी दाखविलेला नसतो आणि तो पाहिल्यावर घासाघीस आपोआप कमी होते.

गारपीट झाली किंवा विहीर आटली तर काय, हेही आधीच ठरवावे. नुकसान दोघांनी वाटून घ्यावयाचे, म्हणजे टोपली लहान होईल पण पैसे परत मागावयाचे नाहीत, असे लेखी असावे. त्याचप्रमाणे भरघोस पीक आल्यास टोपली मोठी द्यावी. आपण हे पाळले तरच ग्राहकही पाळतील.

काही मर्यादा

ही पद्धत सर्वांसाठी आणि सर्व मालासाठी नाही. संपूर्ण शेत एकदम टोपलीवर टाकू नये. पहिल्या वर्षी अर्धा एकर व वीस कुटुंबे पुरे. बाकीचा माल नेहमीप्रमाणे बाजारात न्यावा. एकट्याने करण्यापेक्षा पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून करावे, म्हणजे एकाचे पीक गेले तरी टोपली रिकामी राहत नाही आणि पीजीएसचा गटही होतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. मे व जूनमध्ये भाजीची टोपली चालू ठेवण्याचा अट्टहास करू नये. त्याऐवजी तूरडाळ, वालाची डाळ, जवस, हळद, तिखट, हातसडीचा तांदूळ असा कोरडा माल द्यावा. घरच्या स्त्रियांनी केलेल्या वड्या, सरगुंडे, पापड यांना या दिवसांत चांगली मागणी असते. त्या विक्रीचे पैसे त्यांच्याच हाती द्यावेत.

आणखी एक गोष्ट. शहरात सर्वच जण आगाऊ पैसे देऊ शकणारे नसतात. हातगाडीवरून रोज पाव किलो भाजी घेणारा मजूरही नागपूरकरच आहे. टोपल्या भरून उरलेला माल बुधवार बाजारात किंवा शेतकरी आठवडी बाजारात योग्य दराने विकावा. तीच नोंदवही आणि तोच प्रतीक्षा काळ त्या भाजीलाही लागू असावा. टोपलीला एक नियम आणि ढिगाला दुसरा, असे करू नये.

थोडक्यात

• जून-जुलैमध्ये ओळखीतून २० ते ४० कुटुंबांचा गट बांधावा व बैठक घ्यावी.
• निंबोळ्या मे-जूनमध्येच गोळा कराव्यात; नाडेप टाकी जूनपूर्वी भरावी.
• ऑगस्टमध्ये करार व एक तृतीयांश आगाऊ रक्कम घ्यावी.
• पेरणी व पुनर्लागण टप्प्याटप्प्याने करावी.
• पाण्याचा स्रोत, फवारणीची नोंद आणि खर्चाचा हिशेब उघडा ठेवावा.
• मार्चमध्ये ग्राहकांसोबत हंगामाचा आढावा घ्यावा. किती कुटुंबे पुन्हा नाव नोंदवितात, त्यावरून पुढील वर्षाचे क्षेत्र ठरवावे.

माझ्या मामांनी दुसऱ्या वर्षी फक्त बारा कुटुंबांपासून पुन्हा सुरुवात केली आणि दर पंधरवड्याला रोपे लावली. त्या वर्षी एकही कुटुंब गळाले नाही. शेतकरी बंधू-भगिनींनो, चांगले अन्न हवे असणारे लोक नागपुरात आहेत. मात्र ते स्वतःहून आपल्या धुऱ्यावर येणार नाहीत. येत्या हंगामात त्यांच्याकडे जाऊन काय हवे ते स्पष्ट मागावे, आणि जे कबूल केले ते दर आठवड्याला टोपलीतून पोहोचवावे.